रंगीबेरंगी बॅटमॅनचे गुपित

रात्रीच्या काळोखात मिसळून जाणारा, वटवाघळाचे रूप घेऊन गुन्हेगारांच्या काळजात धडकी भरवणारा नायक एके दिवशी अचानक भडक रंगाच्या पोशाखात अवतरला, तर त्याला काय म्हणावे? 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या अमेरिकी मासिकाच्या २४१ व्या अंकाच्या मुखपृष्ठावर नेमके हेच दृश्य आहे. अंकावरील तारीख मार्च १९५७ ची, किंमत दहा सेंट. आपल्या गुप्त गुहेत बॅटमॅन उभा आहे. जवळच नाना रंगांचे पोशाख ओळीने टांगलेले आहेत आणि त्याचा बालसाथीदार रॉबिन चक्रावून त्याच्याकडे पाहत आहे. रोज रात्री निराळ्या रंगाचा पोशाख घालणे आपल्याला भागच आहे, असे बॅटमॅन त्याला ठासून सांगत आहे.

'द रेनबो बॅटमॅन' हे या कथेचे नाव. सुपरहीरोंच्या कॉमिक्सच्या इतिहासातील हास्यास्पद नमुन्यांची यादी करायची झाली, तर ही कथा हमखास पहिल्या काही क्रमांकांत येते. घनदाट जंगलात राहूनही घट्ट रंगीत पोशाख घालणारा वेताळ मराठी वाचकांनी 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून बिनतक्रार स्वीकारला होता. बॅटमॅनचे मात्र तसे नाही. काळोख हीच त्याची ओळख. त्यामुळे इंद्रधनुष्यी बॅटमॅन पाहून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु हसून झाल्यावर एक प्रश्न उरतो. कसलेल्या लेखकांना आणि चित्रकारांना अशी कथा रचावीशी का वाटली? त्याचे उत्तर शोधू गेल्यास अमेरिकेतील एका मोठ्या भयगंडाच्या कालखंडात जाऊन पोहोचावे लागते.

एका दुखावलेल्या हाताची गोष्ट

प्रथम कथा पाहू. बॅटमॅन म्हणजे धनाढ्य ब्रूस वेन आणि रॉबिन म्हणजे त्याने सांभाळलेला अनाथ मुलगा डिक ग्रेसन, हे गुपित जगाला ठाऊक नाही. एके दिवशी डिक रस्त्यावर एका लहान मुलीला मोटारीखाली येण्यापासून वाचवतो. त्यात त्याच्या हाताला दुखापत होते. साहजिकच त्याचे कौतुक होते आणि बातमीही सर्वत्र पसरते. आता पेच असा, की डिकचा हात दुखावल्याचे सर्वांना कळले आहे. त्याच वेळी रॉबिनचाही हात दुखावलेला दिसला, तर दोघे एकच असल्याचे कोणीही ओळखेल. बरे, रॉबिनने चार दिवस घरी बसावे, तर त्याचे नाहीसे होणेही तितकेच संशयास्पद ठरणार.

यावर बॅटमॅन शोधतो तो उपाय म्हणजे रंगीत पोशाखांचा. रोज नवा रंग आणि शेवटी तर सगळे रंग एकत्र केलेला इंद्रधनुष्यी पोशाख. लोकांच्या नजरा बॅटमॅनवर खिळून राहाव्यात आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या हाताकडे कोणाचे लक्षच जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. युक्ती सफल होते आणि बॅटमॅन पुन्हा आपल्या नेहमीच्या वेशात परततो.

तर्काच्या कसोटीवर ही कथा टिकणे अवघड आहे. तरीही तिच्या गाभ्यात एक साधी आणि हृद्य गोष्ट आहे. एक प्रौढ माणूस आपला सारा दरारा बाजूला ठेवून स्वतःचे हसे करून घेतो, ते एका मुलावर संकट येऊ नये म्हणून. ही कथा ज्या काळात छापली गेली, तो काळ ध्यानात घेतला म्हणजे या गोष्टीला निराळाच अर्थ येतो.

काळोखातून उजेडाकडे

बॅटमॅनचा जन्म मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकातला. त्या पहिल्याच कथेत त्याच्या ठोशाने खलनायक आम्लाच्या टाकीत जाऊन पडतो आणि त्याबद्दल आपल्या नायकाला जराही खेद वाटत नाही. आरंभीच्या काही कथांत त्याच्या हाती पिस्तूलही दिसते. एप्रिल १९४० मध्ये रॉबिन आला आणि कथांचा रंग काहीसा उजळला. बॅटमॅनने कोणाचा जीव घेऊ नये, असा दंडक त्याच सुमारास प्रकाशकांनी स्वतःहून घातला. तेव्हा बॅटमॅनच्या कथा सौम्य होण्यास सुरुवात झाली ती कोणत्याही बाहेरच्या दडपणाआधी, हे नमूद करणे आवश्यक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र वातावरण पालटले. सुपरहीरोंची लोकप्रियता ओसरली आणि गुन्हेगारी व भयकथांच्या कॉमिक्सना ऊत आला. त्यांतील काहींत रक्तपाताचे चित्रण खरोखरच भडक होते. दुसरीकडे बालगुन्हेगारीची चिंता समाजाला ग्रासू लागली होती. मुले बिघडली, तर दोष कोणाचा? बोट कॉमिक्सकडे वळले. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर, न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन अशा गावांत मुलांकडूनच कॉमिक्स गोळा करवून त्यांची होळी करण्यात आली. नाझींनी केलेल्या ग्रंथदहनाच्या आठवणी ताज्या असताना, त्या राजवटीविरुद्ध लढलेल्या देशात हे घडत होते.

या मोहिमेला शास्त्राचा आधार मिळवून दिला तो डॉ. फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञाने. त्यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉमिक्समुळे मुले हिंसा शिकतात, गुन्ह्याकडे वळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. बॅटमॅन आणि रॉबिन यांच्यावर त्यांनी विशेष रोख धरला. एका आलिशान घरात एकत्र राहणारे हे दोघे म्हणजे समलिंगी जोडप्याचे स्वप्नचित्र आहे, असे त्यांनी लिहिले. समलिंगी संबंध हा त्या काळी अमेरिकेत कायद्याने गुन्हा होता आणि अशा नुसत्या संशयावरूनही सरकारी नोकऱ्या जात होत्या. हे ध्यानात घेता, हा आरोप प्रकाशकांना किती जिव्हारी लागला असेल याची कल्पना येते.

वर्दम यांना खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत त्यांनी १९४६ मध्ये मानसोपचाराचे अत्यल्प शुल्काचे केंद्र सुरू केले होते. शाळांतील वर्णभेदामुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघाताविषयी त्यांनी डेलावेअरच्या न्यायालयात साक्षही दिली होती. पुढे हा खटला १९५४ च्या ऐतिहासिक 'ब्राउन' निकालात समाविष्ट झाला. मुलांविषयीचा त्यांचा कळवळा खरा होता. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होते.

शिक्का असलेला आणि नसलेला

२१ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकी सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीसमोर न्यूयॉर्कमध्ये सुनावणी सुरू झाली. त्याच दिवशी वर्दम यांची आणि भयकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'ईसी कॉमिक्स'चे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी एक मुखपृष्ठ पुढे केले. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात स्त्रीचे तोडलेले मस्तक. हे अभिरुचीला धरून आहे काय, असे विचारता, भयकथेच्या मुखपृष्ठापुरते आहे, असे उत्तर गेन्स यांनी दिले. युक्तिवाद म्हणून ते चुकीचे नसेलही. पण दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्याचे जे व्हायचे तेच झाले.

सरकारने कायदा करण्याआधी आपणच आपल्यावर बंधने घालून घ्यावीत, असे प्रकाशकांनी ठरवले. ऑक्टोबर १९५४ मध्ये 'कॉमिक्स कोड' ही आचारसंहिता स्वीकारण्यात आली आणि न्यायदंडाधिकारी चार्ल्स मर्फी यांच्याकडे तिची अंमलबजावणी सोपवण्यात आली. चांगल्याचा वाइटावर विजय झालाच पाहिजे, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटता कामा नये, पोलीस, न्यायाधीश व सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे काही दाखवू नये, रक्तपिपासू पिशाच्चे आणि चालती प्रेते वर्ज्य, असे नियम होते. प्रत्येक पान छपाईआधी तपासले जाई. संमती मिळालेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर छोटासा शिक्का उमटे.

कायद्याने हा शिक्का सक्तीचा नव्हता. पण शिक्का नसलेला अंक वितरक हाती धरीनात आणि वितरक नाही म्हटल्यावर अंक स्टॉलवर पोहोचणार कसा? गेन्स यांना आपल्या भयकथांची मासिके बंद करावी लागली. 'मॅड' हे विनोदी प्रकाशन तेवढे १९५५ मध्ये नियतकालिकाच्या रूपात तगले, कारण त्या स्वरूपाला ही संहिता लागू नव्हती. अनेक लहान प्रकाशकांनी गाशा गुंडाळला आणि कित्येक लेखक-चित्रकार या व्यवसायातून कायमचे बाहेर पडले.

उरले ते रंग

बॅटमॅनचे प्रकाशक 'डीसी' या तडाख्यातून वाचले, कारण त्यांची घडी आधीपासूनच बऱ्यापैकी नीट होती. पण गुन्हेगारांशी लढणाऱ्या नायकाच्या कथेतून खरा गुन्हाच हद्दपार झाल्यावर लिहायचे तरी काय? खून नाही, भय नाही, भ्रष्ट पोलीस नाही. उरले काय, तर चमत्कार, विचित्र यंत्रे, परग्रहवासी आणि वेशांतरे.

मग बॅटमॅनचे कुटुंब वाढू लागले. १९५५ मध्ये एस हा मुखवटाधारी कुत्रा आला. १९५६ मध्ये बॅटवुमन आली. तिच्या पर्समधील पावडर, लिपस्टिक हीच तिची शस्त्रे. वर्दम यांच्या आरोपाला हे प्रकाशकांचे उत्तर होते, असे अनेक अभ्यासक मानतात. १९५८ मध्ये बॅटमॅन झुर-एन-आर नावाच्या ग्रहावर जाऊन आला. १९५९ मध्ये बॅटमाइट हा दुसऱ्या मितीतला खोडकर बुटका अवतरला. १९६० मध्ये बॅटमॅनच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे उमटले आणि १९६२ मध्ये तर तो चक्क लहान बाळ झाला. इंद्रधनुष्यी पोशाख हा या मालिकेतला एक टप्पा होता.

या साऱ्याचे खापर एकट्या आचारसंहितेवर फोडणे योग्य होणार नाही. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचत होती आणि मुलांचा वेळ तिकडे वळत होता. विज्ञानकथांची लाट होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने 'स्पुटनिक' सोडल्यानंतर तिला आणखी जोर चढला. शिवाय आधी लक्षवेधी मुखपृष्ठ ठरवायचे आणि मग त्याभोवती कथा बेतायची, अशी डीसीच्या काही संपादकांची पद्धत होती. दहा सेंट हाती असलेल्या मुलाला स्टॉलपाशी थांबवायचे, तर 'हे असे का?' हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला पाहिजे. भडक रंगांतला बॅटमॅन हे काम चोख बजावतो. तेव्हा ही कथा मूर्खपणाची असली, तरी मूर्खांनी लिहिलेली नव्हती.

पडद्यामागची माणसे

कथेचे लेखक होते एडमंड हॅमिल्टन. आकाशगंगांमधील युद्धे आणि ग्रहांचे विध्वंस रंगवणारे विज्ञानकथाकार म्हणून १९२० च्या दशकापासून त्यांचा लौकिक होता. त्यांच्या पत्नी ली ब्रॅकेट याही नामवंत लेखिका. 'स्टार वॉर्स' मालिकेतील १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटाच्या पटकथालेखकांत त्यांचे नाव आहे. विश्वाच्या अंताच्या कथा लिहिणारा हा लेखक चरितार्थासाठी एका मुलाच्या दुखावलेल्या हाताची गोष्ट लिहीत होता आणि तिथे त्याचे नाव छापले जात नव्हते.

चित्रकार शेल्डन मोल्डॉफ यांची कथा तर याहूनही विलक्षण. १९५३ पासून १९६७ पर्यंत ते बॉब केन यांच्यासाठी पडद्याआडून बॅटमॅन काढत होते. चित्रे मोल्डॉफ यांची, श्रेय मात्र केन यांचे. बॅटमॅनच्या निर्मितीतील सर्वांत मोठा अन्याय झाला तो बिल फिंगर या लेखकावर. वटवाघळाच्या वेशापासून गॉथम शहरापर्यंत बरेच काही ज्यांनी घडवले, त्या फिंगर यांचे १९७४ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाची अधिकृत नोंद बॅटमॅनच्या निर्मितीत व्हावी, यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. भडक रंगांकडे लोकांचे लक्ष वेधायचे आणि खरे काही तरी त्याआड झाकून ठेवायचे, ही कथेतली युक्ती छापखान्याच्या अलीकडेही चालू होती, ती अशी.

उघडलेली कागदपत्रे

वर्दम यांचे १९८१ मध्ये निधन झाले. त्यांचे खासगी दप्तर अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये जमा होते. ते २०१० मध्ये अभ्यासकांना खुले झाले. इलिनॉय विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल टिली यांनी मूळ टिपणे आणि छापील पुस्तक शेजारी-शेजारी ठेवून वाचली आणि २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्दम यांनी अनेक ठिकाणी मुलांची वये बदलली होती, त्यांच्या म्हणण्यात फेरफार केला होता, अनेकांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले होते आणि एकाचे बोलणे अनेकांत वाटले होते. त्या मुलांच्या आयुष्यातील मारहाण, हालअपेष्टा, आजार असे दुसरे घटक बहुधा वगळले होते.

बॅटमॅन व रॉबिनविषयीच्या आरोपाचीही तीच गत होती. ज्या तरुणाच्या कथनावर तो बेतला होता, ते कथन प्रत्यक्षात दोन तरुणांचे होते. आपल्याला टारझन किंवा सब-मरिनर यांचे अधिक आकर्षण वाटे, हे त्यांचे म्हणणे पुस्तकात आलेच नाही. ज्या पुराव्याने एका व्यवसायाची दिशा बदलली, कित्येकांची रोजीरोटी हिरावली, तो पुरावा मोडतोड केलेला होता. आणि हे कळेपर्यंत ५८ वर्षे उलटली होती.

त्या आधीच आचारसंहितेचा जोर ओसरला होता. १९७१ मध्ये 'स्पायडरमॅन'ने अमली पदार्थांविरुद्धची कथा शिक्क्याविना प्रसिद्ध केली आणि पहिली फट पडली. २००१ मध्ये मार्व्हलने आणि जानेवारी २०११ मध्ये डीसी व आर्ची या प्रकाशकांनी शिक्का सोडला. त्याबरोबर ती व्यवस्था संपली.

हसण्याच्या पलीकडे

इंद्रधनुष्यी बॅटमॅनचे पुढे काय झाले? १९६४ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी परग्रहवासी, बॅटवुमन, बॅटमाइट सर्वांना घरी पाठवले. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने तोच बालिशपणा मुद्दाम विनोद म्हणून वापरला आणि जगभर हशा मिळवला. त्यानंतर मात्र बॅटमॅन पुन्हा काळोखात शिरला. १९८६ मधील फ्रँक मिलर यांचे 'द डार्क नाइट रिटर्न्स' आणि १९८९ मधील टिम बर्टन यांचा चित्रपट यांनंतर, १९५० च्या दशकातील कथा म्हणजे वंशावळीत दडवून ठेवायचे प्रकरण होऊन बसले. २००६ पासून लेखक ग्रँट मॉरिसन यांनी ही अडगळ पुन्हा उघडली. बॅटमॅनच्या आयुष्यात हे सारे घडून गेले आहे असे गृहीत धरून त्यांनी नव्या कथा रचल्या. २००८ च्या 'बॅटमॅन आर. आय. पी.' या कथानकात तर झुर-एन-आरचा तो रंगीत बॅटमॅन गंभीर रूपात परतला.

आज 'द रेनबो बॅटमॅन' वाचताना हसू येतेच, आणि यायलाही हवे. पण त्या रंगांमागची भीतीही नजरेआड होऊ नये. मुलांच्या भल्यासाठी म्हणून मोठ्यांनी उठवलेल्या वादळात एक व्यवसाय स्वतःला निरुपद्रवी, बालिश, प्रसंगी हास्यास्पद ठरवून वाचला. दर पिढीत असे वादळ उठते. कधी ते चित्रपटांवर, कधी दूरचित्रवाणीवर, कधी व्हिडिओ गेमवर, तर कधी मोबाइलवर येऊन आदळते. चिंता खरी असते, तिला उत्तरही हवे असते. पण पुरावा नीट तपासण्याआधीच निकाल लागला, की त्याची किंमत भलतेच लोक मोजतात, हे १९५४ च्या प्रकरणाने दाखवून दिले.

राहता राहिला तो वर्दम यांचा मूळ प्रश्न. त्या घरात राहणाऱ्या माणसाचे आणि त्या मुलाचे नाते नेमके काय? १९५७ च्या त्या अंकात, कळत असो वा नकळत, त्याचे उत्तर देऊन ठेवलेले आहे. मुलाचा हात दुखावला आहे आणि ते कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून गॉथममधील सर्वांत धाकाचा माणूस इंद्रधनुष्याचे रंग अंगावर चढवून चारचौघांत उभा राहतो. दहा सेंट देऊन अंक घेणाऱ्या मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.